‘आहे’, ‘असावे’ आणि ‘असेल’ : आकाशाविषयी लोकांशी बोलताना

वाचकाचे पत्र

मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली काही वर्षे महिन्यातून एकदा शाळेच्या गच्चीवर आकाशदर्शनाचा कार्यक्रम घेते. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशातून जळत्या तुकड्यांची एक रांग सावकाश सरकत गेली, तेव्हा घाबरलेले गावकरी माझ्याकडे आले आणि मी त्यांना लगेच सांगून टाकले की हा उल्कापात आहे. त्यानंतर सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे भले मोठे कडे पडल्याची बातमी आली आणि माझे सांगणे खोटे ठरले. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये पृथ्वीवर आदळू शकणाऱ्या लघुग्रहाची चर्चा सुरू झाली, तेव्हा मी शाळेच्या फळ्यावर रोजचा आकडा लिहीत असे. आधी एक टक्का, मग तीन टक्के आणि अखेर शून्य. त्यावर एका पालकांनी विचारले, “मॅडम, तुमचे शास्त्र दर आठवड्याला बदलते, आमचे पंचांग तर वर्षभर आधी ग्रहण मिनिटासह सांगते. मग विश्वास कशावर ठेवायचा?” मला उत्तर सुचले नाही. सोपे करून सांगितले की चूक होते आणि सगळे बारकावे सांगितले की लोक उठून जातात. मी काही खगोलशास्त्रज्ञ नाही. मग हे काम मी थांबवावे का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. हे काम थांबवू नका. ज्या गावात आकाशात काही विचित्र दिसल्यावर लोक शाळेतल्या बाईंकडे धाव घेतात, त्या गावात विज्ञानाच्या प्रसाराचा सर्वांत अवघड भाग आधीच पार पडलेला आहे. राहिलेला भाग बोलण्याच्या पद्धतीचा आहे आणि तो शिकता येतो.

पाडव्याच्या त्या संध्याकाळपासून सुरुवात करू, कारण तुमची चूक नेमकी कुठे झाली हे मला तुमच्याच पत्रातल्या शब्दांवरून दाखवता येईल. तुम्ही लिहिले आहे, ‘तुकड्यांची एक रांग सावकाश सरकत गेली’. उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगाने, पुष्कळदा त्याच्या कितीतरी पट वेगाने. त्यामुळे ती बहुधा शेजारच्याला बोट करून दाखवण्यापूर्वीच विझलेली असते आणि अगदी मोठा अग्निगोल असला तरी तो काही सेकंदच टिकतो. याउलट पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला साडेसात ते आठ किलोमीटरच्या घरात असतो, ती जमिनीला जवळजवळ समांतर दिशेने वातावरणात शिरते, तापून फुटत जाते, आणि तिचे तुकडे एकामागून एक असे मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ आकाश ओलांडताना दिसतात. म्हणजे ‘रांग’ आणि ‘सावकाश’ या दोन शब्दांतच मानवनिर्मित वस्तूकडे बोट दाखवणारा पुरावा होता. पुढे लाडबोरीतले सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे, त्या परिसरात मिळालेले धातूचे गोळे आणि अवशेष खाली येण्याचा आधीच वर्तवलेला मार्ग व वेळ यांची सांगड घालून अभ्यासकांनी निष्कर्ष काढला, की तो २०२१ साली सोडलेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा. तुमचे निरीक्षण उत्तम होते. त्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई झाली आणि ती घाई ‘आहे’ या क्रियापदातून व्यक्त झाली.

या क्रियापदाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या भाषेने या कामासाठी दिलेली साधने आपण पुरेशी वापरत नाही असे मला फार दिवसांपासून वाटते. ‘हा उपग्रहाचा तुकडा आहे’, ‘असावा’, ‘असेल’, ‘असू शकेल’ आणि ‘आहे म्हणे’ ही पाच विधाने मराठी माणसाला कोणी न शिकवता वेगवेगळी कळतात. ‘आहे’ म्हणजे खात्री करून झाली. ‘असावा’ म्हणजे माझ्या हाती खुणा आहेत आणि त्यांवरून मी हे अनुमान काढते आहे. ‘असेल’ हा अंदाज झाला, ‘असू शकेल’ ही केवळ शक्यता झाली आणि ‘म्हणे’ म्हणजे ऐकीव गोष्ट, जिची जबाबदारी बोलणाऱ्याने घेतलेली नाही. शास्त्रज्ञ आपल्या लेखांत अनिश्चितता आकड्यांनी आणि आलेखांनी दाखवतात. ती सामान्य वाचकापर्यंत नेताना आकडे गाळले तरी चालतील, पण क्रियापद बदलता कामा नये. मूळ लेखातले ‘असावे’ बातमीत ‘आहे’ होते आणि मथळ्यात तर क्रियापदच उरत नाही. आकाशविज्ञानातले जे गैरसमज माझ्याकडे पत्रांतून येतात, त्यांतल्या पुष्कळांचा उगम या एका ठिकाणी सापडतो.

त्या संध्याकाळी गावकऱ्यांना काय सांगता आले असते, ते लिहून पाहते. “आपण सर्वांनी जळत जाणारे तुकडे पाहिले. ते रांगेने आणि सावकाश गेले, म्हणून ही उल्का नसावी. जुन्या अग्निबाणाचा किंवा उपग्रहाचा भाग खाली येत असावा. आज-उद्या कुठे धातूचे तुकडे मिळाले, तर ते नक्की होईल. असा तुकडा दिसला तर त्याला हात लावू नका आणि पोलिसांना कळवा.” यात जे दिसले ते आले, त्यावरून काढलेले अनुमान आले, ते अनुमान कशाने पक्के होईल तेही आले, आणि लोकांनी काय करायचे तेही आले. शेवटच्या वाक्याचे महत्त्व कमी समजू नका, कारण अग्निबाणाच्या टाक्यांमध्ये विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो. आणि समजा रांगेचा अर्थ तुमच्या लक्षात आला नसता, तरी “हे काय होते ते मला अजून सांगता येत नाही, उद्या माहिती घेऊन फळ्यावर लिहीन” असे सांगणारी शिक्षिका लोकांच्या नजरेतून उतरत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता त्या लघुग्रहाकडे वळू. ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह चिलीमधील अ‍ॅटलास दुर्बिणीला २७ डिसेंबर २०२४ रोजी दिसला, तेव्हा तो पृथ्वीजवळून नुकताच पुढे निघून गेला होता आणि दिवसेंदिवस अंधूक होत चालला होता. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीच्या अखेरीस एक टक्क्यावर गेली, १८ फेब्रुवारीला ती ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि तो महिना संपण्याच्या आत जवळजवळ शून्यावर आली. तुम्ही फळ्यावर लिहिलेले आकडे बरोबरच होते. पण आकडा का हलतो हे न सांगता रोज नुसता आकडा लिहिला, तर वाचणाऱ्याला तो बाजारभावासारखा वाटतो आणि काल चढलेला भाव आज उतरला एवढाच अर्थ त्याच्या हाती लागतो.

हेच असे सांगून पाहा. शंभर फरशांच्या अंगणात एका बाईची नथ पडली आहे आणि तुळशीवृंदावनाजवळ एक विशिष्ट फरशी आहे. शोध सुरू होण्यापूर्वी नथ त्या फरशीवर असण्याची शक्यता शंभरात एक. आता दुसऱ्या टोकापासून एकेक फरशी पाहत आलो आणि अडुसष्ट फरशा रिकाम्या निघाल्या, तर उरल्या बत्तीस, आणि तुळशीजवळच्या फरशीची शक्यता झाली बत्तिसात एक, म्हणजे ३.१ टक्के. नथ जागची हललेली नाही, वाढले आहे ते आपले ज्ञान. आणखी शोधता शोधता तुळशीजवळची फरशीही रिकामी निघाली की तीच शक्यता एकदम शून्य होते. लघुग्रहाचे नेमके असेच झाले. २०३२ साली तो ज्या पट्ट्यातून जाऊ शकेल, तो पट्टा नव्या वेधांमुळे अरुंद होत गेला, बराच काळ पृथ्वी त्या पट्ट्याच्या आत राहिली म्हणून टक्केवारी चढत गेली, आणि अखेर पृथ्वी पट्ट्याच्या बाहेर पडली. आकडा चढणे आणि मग कोसळणे, हे मोजमाप नीट चालल्याचे लक्षण होते.

मात्र उपमा दिली की ती कुठे तुटते तेही सांगावे, आणि हे सांगायला मोजून दोन वाक्ये लागतात. अंगणातली प्रत्येक फरशी सारख्याच शक्यतेची असते, पण लघुग्रहाच्या पट्ट्यात मध्यभागी शक्यता जास्त आणि कडेला कमी असते; शिवाय नथ आधीच पडलेली आहे, तर लघुग्रहाची वाट पुढच्या काळासाठी गणिताने काढावी लागते. एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला उपमा म्हणजेच विज्ञान असे वाटत नाही. टक्केवारीही एकाच बाजूने सांगू नये. ज्या दिवशी मथळ्यांमध्ये तीन टक्के झळकत होते, त्या दिवशी बत्तीसपैकी एकतीस शक्यता तो चुकण्याच्याच होत्या, हे वाक्य फळ्यावर त्या आकड्याशेजारी हवे होते.

पंचांगाचा प्रश्न विचारणाऱ्या पालकांना मी मनापासून धन्यवाद देईन, कारण त्यांनी अतिशय योग्य तुलना केली आहे. त्यांना दुखवू नका आणि पंचांगाची हेटाळणी तर मुळीच करू नका. पंचांगातली ग्रहणाची वेळ अचूक येते, कारण ती सूर्य-चंद्राच्या गतीच्या गणितातून येते, आणि त्या गतीचे वेध माणसाने शेकडो वर्षे घेतलेले आहेत. लघुग्रहाची वाट काढण्याचे गणितही त्याच जातीचे आहे. फरक इतकाच की फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याजवळ त्याचे वेध दोन महिन्यांचेसुद्धा नव्हते. जुन्या ओळखीच्या माणसाविषयी आपण ठामपणे बोलतो आणि परवा भेटलेल्याविषयी जपून बोलतो, तसेच हे आहे. पंचांगातले फलज्योतिष हा निराळा विषय आहे. तो या उत्तरात मिसळू नका, नाहीतर मूळ मुद्दा बाजूला राहील आणि वाद सुरू होईल.

‘तुमचे शास्त्र बदलते’ या तक्रारीसाठी आपल्या घरचे उदाहरण लोणारचे आहे. बुलढाणा जिल्ह्यातले १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बसाल्ट खडकात आहे, आणि सारे दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेले असल्यामुळे हे विवरही ज्वालामुखीचेच असावे असे अनेकांना वाटत असे. १९७०च्या दशकात तिथे प्रचंड आघाताच्या दाबानेच तयार होऊ शकणाऱ्या काचेचा आणि खडकांचा पुरावा मिळाला, आणि ते अशनीच्या, म्हणजे अवकाशातून येऊन पडलेल्या दगडाच्या, आघाताने झाले हे पक्के झाले. त्याच्या वयाची गोष्ट मात्र वेगळी आहे. नमुने तापवल्यावर त्यांतून निघणाऱ्या प्रकाशावरून काढलेले वय सुमारे ५२ हजार वर्षे आले होते. पुढे खडकात साठलेल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले, आणि या दुसऱ्या आकड्यातही ४७ हजार वर्षे इकडे-तिकडे होऊ शकतात. दहा पटींहून मोठा हा फरक लपवू नका, पण त्याचबरोबर आघाताचा निष्कर्ष या सगळ्यात तसूभरही हललेला नाही हेही सांगा. विज्ञानात गाभा पक्का होत जातो आणि कडा हलत राहतात. आपण गाभ्याविषयी बोलतो आहोत की कडेविषयी, हे श्रोत्यांना दर वेळी कळले पाहिजे. लोणारचे वय विचारले गेले तर दोन्ही आकडे द्या, ते कोणत्या पद्धतींनी आले ते सांगा, आणि आज कोणता अधिक ग्राह्य मानला जातो तेही सांगा.

सोपे आणि अचूक यांच्यातल्या ओढाताणीविषयी तुम्ही लिहिले आहे. माझा एक निकष आहे, तो असा की जे सोपे करून सांगितले ते पुढे वाढवता यावे, मोडावे लागू नये. ‘पृथ्वी गोल आहे’ हे सोपे विधान आहे. विषुववृत्ताजवळ ती किंचित फुगीर आहे ही भर त्यात नंतर घालता येते. पण ‘अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते’ हे विधान पुढे मोडावेच लागते. २०२५च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात तरंगताना साऱ्या देशाने पाहिले आणि तेव्हा हे वाक्य पुन्हा सगळीकडे ऐकू आले. ते स्थानक जमिनीपासून जेमतेम ४०० किलोमीटरवर आहे आणि तिथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८८ टक्के असते. ते नसते तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते, सरळ दूर निघून गेले असते. मुलांना विहीर दाखवा. पोहऱ्यात दगड ठेवून पोहरा सोडून दिला, तर पडत असताना दगड पोहऱ्याच्या तळाला दाबत नाही, कारण दोघेही सारख्याच वेगाने खाली चाललेले असतात. स्थानक आणि त्यातली माणसे अशीच सतत पडत असतात, पण त्यांचा आडवा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक असल्यामुळे पडता पडता ती पृथ्वीला वळसा घालत राहतात. सातवीच्या मुलाला हे समजते आणि बारावीत गेल्यावर त्याला यातले काही विसरावे लागत नाही.

चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवावर उतरले, हेही असेच एक वाक्य. ते २३ ऑगस्ट २०२३ रोजी सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले, म्हणजे ध्रुवापासून सहाशेहून अधिक किलोमीटरवर. ‘दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळ’ असे म्हटल्याने त्या कामगिरीचे तेज कणभरही कमी होत नाही.

बारकावे सांगितले की लोक उठून जातात, या तुमच्या अनुभवावर मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. मी पूर्वी एका खेड्यात व्याख्यान देताना चंद्राचे सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर असल्याचे सांगितले, तेव्हा मागे बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यांनी विचारले, “बाई, टेप कोणी धरला होता?” सभा हसली, पण मला उत्तर देता आले नाही, कारण मी आकडा पाठ केला होता आणि मोजण्याची रीत वाचलीच नव्हती. ती रीत आकड्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर पृथ्वीवरून लेसरचा झोत सोडतात, तो अडीच सेकंदांहून किंचित अधिक वेळात परत येतो, आणि प्रकाशाचा वेग ठाऊक असल्यामुळे अंतर काढता येते. इतके बारकाईने, की चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर जातो आहे हेही त्यातून समजले. पुढच्या व्याख्यानात मी हेच सांगितले आणि एकही माणूस उठला नाही. लोक कंटाळतात ते आकड्यांच्या आणि परिभाषेच्या भडिमाराला. एखादी गोष्ट कशी कळली याची हकिगत त्यांना हवीच असते. म्हणून ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ हे दोन शब्द शक्य तितके टाळा आणि त्या जागी शास्त्रज्ञांनी काय मोजले ते सांगा. जमेल तेव्हा मुलांना २८ फेब्रुवारीच्या सुमारास नारायणगावजवळच्या खोडदला रेडिओ दुर्बीण पाहायला घेऊन जा. विज्ञान दिनानिमित्त तिथे प्रदर्शन भरते आणि प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांपैकी काही जवळून पाहता येतात. दुर्बिणीला डोळा लावायची जागा नसते आणि तरीही ती आकाश पाहते, हे तिथे उभे राहिल्यावर जसे पटते तसे पुस्तकातून पटत नाही.

चित्रांविषयी एवढेच सांगते, की फोटो कोणता आणि कल्पनाचित्र कोणते हे दाखवण्यापूर्वी सांगा, आणि जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांमधले रंग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला नियमाने नेमून दिलेले असतात हेही सांगा.

गुढीपाडव्याची दुरुस्ती अजून केलेली नसेल तर ती पुढच्या आकाशदर्शनात करा, ज्या गच्चीवरून चूक सांगितली गेली त्याच गच्चीवरून आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात. रांग आणि वेग यांवरून फरक कसा ओळखायचा हे त्याच वेळी शिकवा. ते शिकवताना चेल्याबिन्स्कची गोष्टही जरूर सांगा. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील त्या शहरावर सुमारे वीस मीटरचा अशनी हवेतच फुटला, झगमगाट पाहून लोक खिडक्यांपाशी गेले, आणि मिनिटा-दोन मिनिटांनी आलेल्या धक्क्याच्या लाटेने फुटलेल्या काचांमुळे बहुतेकांना इजा झाल्या. सुमारे दीड हजार लोकांना उपचार घ्यावे लागले. प्रचंड लखलखाट झाला तर खिडकीपासून दूर व्हावे, ही माहिती एखाद्या मुलाच्या खरोखर उपयोगी पडू शकेल.

आणि एक काम आताच हाती घ्या. सुमारे साडेतीनशे मीटरचा अपोफिस हा लघुग्रह जागतिक वेळेनुसार १३ एप्रिल २०२९ रोजी, म्हणजे आपल्या घड्याळानुसार १४ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास, पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. दूरचित्रवाणीचे उपग्रह याहून अधिक उंचीवर असतात. डिसेंबर २००४ मध्ये त्याच्या आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती आणि नंतर ती मावळली. मार्च २०२१ मधील रडार वेधांनंतर पुढची किमान शंभर वर्षे त्याच्यापासून धोका नाही असे सांगता आले. इथे तुम्ही निःशंकपणे ‘नाही’ हे क्रियापद वापरू शकता, आणि ते का वापरता येते हेही आता तुम्हाला सांगता येईल. त्या दिवसांत अफवा उठतील आणि लोक पुन्हा तुमच्याकडे येतील. तेव्हा फळ्यावर काय लिहायचे त्याचे टिपण आजच करून ठेवा, त्या पंचांगवाल्या पालकांना आधी वाचायला द्या, त्यांना जिथे अडेल तिथे खूण करायला सांगा, आणि मग ते माझ्याकडे पाठवा.